भेटीचा शनिवार आला की पोट दुखतं

"मॅडम, भेटीचा शनिवार आला की आदल्या रात्रीपासूनच याचं पोट दुखायला लागतं, बाबाकडे जायचं नाही म्हणून रडतो, मग पाठवूच कशाला?" कोथरूडच्या एका आईचा हा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील बदललेत), आणि शिवाजीनगरच्या फॅमिली कोर्टात केस चालू असलेल्या, कोर्टाने मुलाच्या बाबाकडच्या भेटीचे दिवस ठरवून दिलेल्या कितीतरी आया मला हेच विचारतात.

मुलगा सात वर्षांचा. त्याच्याशी एकट्याशी बोलले, म्हणजे चित्रं काढत बसलो दोघं. बाबाकडे काय करतोस विचारलं तर खुलला एकदम, आजी थालीपीठ करते, बाबा सायकल शिकवतो वगैरे. मग पोट कधी दुखतं रे? तर म्हणे, "गेटवर दोघं पैशांवरून भांडतात ना, तेव्हा. आणि मी गेलो की आई एकटीच रडत बसते." शिवाय घरी परत आल्यावर आईची उलटतपासणी असायचीच, काय खाल्लं, कोण आलेलं, बाबा माझ्याबद्दल काय बोलला. एवढंसं पोर, किती सांभाळणार?

दोघांना वेगवेगळं बोलावून स्पष्ट सांगितलं, पोटगी वेगळी आणि भेट वेगळी. पैसे थकले तर कोर्टातून वसुली करा, पोराला अडवू नका, आणि भेटू दिलं नाही म्हणून पैसेही थांबवू नका. आता सोडायला मामा जातो, आई निघताना सांगते की मी आज मावशीकडे चाललेय, तू मजा कर, आणि परत आल्यावर आधी जेवण, प्रश्न नाहीत. मधल्या दिवसांत बाबाचा व्हिडिओ कॉलही सुरू केलाय, सुप्रीम कोर्टानेसुद्धा २०२० च्या एका निकालात अशा संपर्काचा आग्रह धरलाय. पोटदुखी बरीच कमी झाली, रडणं अजून कधीतरी होतं, ते लगेच जाणारही नाही.

पण मूल मारहाण, दारू, नको तिथे हात लावणं असलं काही सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवा, आधी त्याला सुरक्षित ठेवा, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि वकिलामार्फत ताबडतोब कोर्टात अर्ज टाका, देखरेखीखाली भेट मागता येते. नुसतं रडतो म्हणून ऑर्डर असताना आपल्या मनाने भेटी बंद केल्यात तर मात्र उद्या कोर्टात तेच तुमच्यावर उलटतं.