तंबाखू, कायदा आणि आपली मर्जी : वाचकांचे प्रश्न

१ जानेवारी २००७ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या कोणालाही तंबाखू विकत घेण्यास, वापरण्यास आणि त्यांना ती विकण्यास मालदीवने कायमची मनाई केली असून ही मनाई १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. गेल्या अंकात या कायद्याची माहिती दिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. जागेअभावी पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी साठी ओलांडलेला, कोणाचे देणे नसलेला माणूस आहे. शरीर माझे, पैसा माझा, आणि परिणामही मला ठाऊक आहेत. तरीही पाकिटावर किळसवाणी चित्रे, वाढत जाणारा कर आणि ओढायला जागा नाही, हा तिहेरी जाच मी का सहन करावा? सरकारने मला सज्ञान मानावे, इतकीच माझी अपेक्षा आहे.

उत्तर : आपली अपेक्षा रास्त आहे आणि ती हसण्यावारी नेणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. ज्या कृतीचे परिणाम केवळ करणाऱ्यालाच भोगावे लागतात, त्या कृतीपासून सज्ञान माणसाला त्याच्याच भल्याच्या नावाखाली बळाने रोखू नये, हे तत्त्व इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८५९ साली मांडले आणि आपण त्याचाच आधार घेत आहात. मात्र मिल यांनी त्याच विवेचनात आणखी दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. विषारी पदार्थाच्या बाटलीवर धोक्याची सूचना लावण्याची सक्ती केल्याने कोणाचेही स्वातंत्र्य हिरावले जात नाही, ही पहिली. आणि कोणालाही स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचा अधिकार नाही, कारण स्वातंत्र्य कायमचे सोडून देण्याचे स्वातंत्र्य त्या तत्त्वात बसत नाही, ही दुसरी. तंबाखूच्या संदर्भात या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

सज्ञान माणसाने विचारपूर्वक केलेली निवड, असे आपण म्हणता. पण ही निवड बहुतेकांच्या बाबतीत कोणत्या वयात होते, हे पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या (सार्वजनिक आरोग्याविषयी बोलणाऱ्या तेथील प्रमुख सरकारी डॉक्टरांच्या) २०१२ च्या अहवालानुसार तेथील रोज सिगारेट ओढणाऱ्या प्रौढांपैकी सुमारे ९० टक्के लोकांनी पहिली सिगारेट वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ओढलेली होती. झुरक्यातील निकोटिन अवघ्या काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, आणि सवय अंगवळणी पडल्यावर पुढची प्रत्येक सिगारेट ही कितपत निवड असते आणि कितपत तलफ, हे ओढणाऱ्यालाही नेमके सांगता येत नाही. आपल्याला ते सांगता येत असेल, हे आम्ही नाकारत नाही. परंतु कायदा एका माणसाकडे पाहून लिहिला जात नाही.

शिवाय ‘परिणाम ठाऊक आहेत’ हे म्हणणेही वाटते तितके सरळ नाही. ‘लाइट’ म्हणून विकल्या गेलेल्या सिगारेटचा फिल्टर उजेडासमोर धरून पाहिला, तर त्याच्याभोवतीच्या कागदावर बारीक छिद्रांची रांग दिसते. तपासणीचे यंत्र सिगारेट ओढते तेव्हा या छिद्रांतून बाहेरची हवा आत शिरते, धूर विरळ होतो आणि टारचा (धुरातील चिकट, घातक अंशाचा) आकडा कमी भरतो. माणूस ओढतो तेव्हा तीच छिद्रे त्याच्या बोटांखाली किंवा ओठांखाली झाकली जातात, आणि निकोटिनची नेहमीची मात्रा मिळेपर्यंत तो झुरका अधिक खोल घेतो. म्हणजे पाकिटावरचा आकडा यंत्रासाठी खरा होता आणि ग्राहकासाठी खोटा. पाकिटावर ‘लाइट’ आणि ‘माइल्ड’ असे शब्द छापण्यास युरोपीय संघाने २००३ पासून बंदी केली, तोपर्यंत कित्येक लोक सोडण्याऐवजी ‘हलकी’ सिगारेट घेऊन स्वतःचे समाधान करून घेत होते. निकोटिनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही, असे अमेरिकेतील सात मोठ्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी १९९४ साली संसदीय समितीपुढे शपथेवर सांगितले होते. पुढे २००६ साली तेथील फेडरल न्यायालयाने या उद्योगातील बड्या कंपन्यांनी धोक्यांविषयी जनतेची अनेक दशके फसवणूक केल्याचा निष्कर्ष काढला. सज्ञान माणसाच्या निवडीचा आदर करायचा असेल, तर त्याच्याशी खोटे बोलणाऱ्याला आवरणे हे त्या आदराच्या विरुद्ध कसे ठरेल?

म्हणून आपल्या तीन तक्रारींना आमचे उत्तर एकसारखे नाही. पाकिटावरचे चित्र किळसवाणे असले तरी ते आपल्याकडून काहीही काढून घेत नाही, तेव्हा ती तक्रार आम्हाला मान्य नाही. कराविषयीची तक्रार अर्धी मान्य आहे, आणि तिचा विचार पुढे एका पत्राच्या उत्तरात केला आहे. सार्वजनिक जागेचा प्रश्न केवळ आपला नसून शेजारी बसलेल्याचाही आहे. मात्र उद्या आपल्या स्वतःच्या घरात, एकटे असताना, केवळ सिगारेट ओढली म्हणून कोणी आपल्याला दंड करू लागले, तर हा स्तंभ आपल्या बाजूने उभा राहील. (आपण विचारलेले नाही, तरी एक माहिती देतो : ब्रिटिश डॉक्टरांच्या प्रकृतीची पन्नास वर्षे नोंद ठेवून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की साठाव्या वर्षी धूम्रपान सोडणाऱ्यांचेही आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढते. या माहितीचे काय करायचे, ते आपणच ठरवावे.)

प्रश्न : सिगारेटच्या धुराचा इतरांना त्रास होतो, हे मान्य. पण मी तंबाखू चघळतो. त्यातून धूर निघत नाही. मग माझ्यावर निर्बंध कोणत्या न्यायाने?

उत्तर : आपण नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. इतरांच्या श्वासाचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही आणि तो ओढूनताणून लावू नये. थुंकण्यावर निर्बंध घालता येतात, पण तो थुंकण्यापुरता नियम झाला. चघळण्याची तंबाखू कर्करोगकारक असल्याचे सिद्ध झालेले आहे, तोंडाचा कर्करोग हा तिचा सर्वांत ठळक परिणाम आहे, आणि तो प्रामुख्याने चघळणाऱ्यालाच होतो. तेव्हा निर्बंधांचे समर्थन येथे दुसऱ्या पायावर करावे लागते : माल विकणाऱ्याने त्याचे स्वरूप स्पष्ट सांगावे, अल्पवयीनांना तो विकू नये, आणि त्याची भुरळ पाडणारी जाहिरात करू नये. ही तिन्ही बंधने विकणाऱ्यावर आहेत, आपल्यावर नाहीत.

याच्या पलीकडे गेले की सरकारांची ओढाताण दिसू लागते. ओठाखाली ठेवण्याच्या ‘स्नूस’ नावाच्या तंबाखूच्या विक्रीवर युरोपीय संघाने १९९२ साली बंदी घातली. १९९५ साली संघात आलेल्या स्वीडनला मात्र त्यातून सूट मिळाली. स्नूस निरुपद्रवी नाही, पण तिच्यामुळे फुप्फुसात धूर जात नाही, आणि पुरुषांमधील धूम्रपानाचे प्रमाण स्वीडनमध्ये युरोपच्या तुलनेत फार कमी आहे. सिगारेट सर्रास विकू द्यायची आणि तिच्याहून कमी घातक पदार्थाची विक्री रोखायची, या धोरणाचे समर्थन आम्हाला करता येत नाही. सर्वच चघळण्याच्या तंबाखूला हे लागू होत नाही, कारण प्रत्येक प्रकारातील घातक रसायनांचे प्रमाण वेगवेगळे असते.

प्रश्न : तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांच्या उपचारांचा भार आम्ही करदात्यांनी का उचलावा? हेच एक कारण बंदीला पुरेसे नाही का?

उत्तर : नाही, आणि हा युक्तिवाद जपून वापरावा. २००१ साली एका तंबाखू कंपनीने चेक प्रजासत्ताकासाठी करवून घेतलेल्या अहवालात असा हिशेब मांडला होता, की धूम्रपान करणारे लवकर मरण पावत असल्याने त्यांच्या निवृत्तिवेतनाचा आणि म्हातारपणीच्या उपचारांचा सरकारी खर्च वाचतो. अहवालावर टीकेची झोड उठली आणि कंपनीला माफी मागावी लागली. पण माणसाची किंमत तिजोरीच्या हिशेबाने एकदा ठरवू लागलो, की तो हिशेब कोणत्याही बाजूने मांडता येतो. तंबाखूवर निर्बंध हवेत ते माणसे मरतात म्हणून, खर्च वाढतो म्हणून नव्हे.

प्रश्न : खालच्या मजल्यावरचे गृहस्थ रोज रात्री त्यांच्या गॅलरीत सिगारेट ओढतात. धूर थेट माझ्या आईच्या खोलीत येतो. तिला दमा आहे. खिडकी लावली की तिला कोंडल्यासारखे होते आणि उघडी ठेवली की खोकला थांबत नाही. ते म्हणतात, ‘माझे घर आहे.’ यात स्वातंत्र्य कोणाचे?

उत्तर : गॅलरी त्यांची आहे, हवा मात्र दोघांची आहे. दुसऱ्याच्या धुराने होणारी हानी ही आता मतभेदाची बाब उरलेली नाही. पतीच्या धूम्रपानाचा परिणाम स्वतः कधीही धूम्रपान न करणाऱ्या पत्नीच्या फुप्फुसांवर होतो, असे जपानमध्ये नव्वद हजारांहून अधिक स्त्रियांची चौदा वर्षे नोंद ठेवून १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. अशा धुराची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालात म्हटले आहे. दुसऱ्याच्या धुराने होणाऱ्या या हानीच्या आधारावरच सार्वजनिक जागांविषयीचे कायदे झाले. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली धूम्रपान न करणाऱ्यांच्या जगण्याच्या हक्काचा दाखला देत सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला मनाई केली, आणि २९ मार्च २००४ पासून आयर्लंडने कामाच्या सर्व बंदिस्त जागांतून, अगदी मद्यगृहांतूनही, धूम्रपान हद्दपार केले.

घराच्या आत मात्र कायद्याने सहसा पाऊल टाकलेले नाही, आणि ते सावधपणेच टाकावे असे आम्हाला वाटते. आपल्या बाबतीत इमारतीच्या रहिवाशांनी मिळून केलेला नियम हा पोलिसांपेक्षा अधिक उपयोगी ठरेल : गॅलरीऐवजी आवारातील मोकळी, खिडक्यांपासून दूरची एखादी जागा त्यासाठी ठरवून द्यावी. आईचा दमा प्रत्यक्ष पाहिल्यावर शेजाऱ्याचे मन बदलण्याची शक्यता लेखी तक्रारीपेक्षा जास्त असते, म्हणून त्यांना एकदा घरी बोलवावे.

प्रश्न : मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. तंबाखूमुळे जगात दर वर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे मरतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग ही मरणे थांबवण्यासाठी सरसकट बंदी का नको?

उत्तर : कारण ती करून पाहिलेली आहे. ऑटोमन सुलतान चौथा मुराद याने १६३३ साली तंबाखूवर बंदी घालून देहान्ताची शिक्षा ठेवली, तरीही लोक ओढतच राहिले आणि पुढे ती बंदी उठली. भूतानने २००४ साली विक्रीवर बंदी घातली आणि २०१० च्या कायद्याने ती अधिक कडक केली. त्या कायद्याखाली २०११ साली चघळण्याची थोडी तंबाखू बाळगल्याबद्दल एका तरुण भिक्षूला तीन वर्षांची कैद झाली. देशात इतका असंतोष उसळला, की पुढच्याच वर्षी कायदा सौम्य करावा लागला. चोरटी आयात तर चालूच होती, आणि कोविडच्या काळात सीमेपलीकडून तंबाखू आणणाऱ्यांबरोबर संसर्गही येईल या भीतीने २०२१ साली विक्रीवरची बंदी उठवण्यात आली. दक्षिण आफ्रिकेने २०२० च्या टाळेबंदीत सुमारे पाच महिने सिगारेटची विक्री थांबवली, तेव्हा अवैध बाजाराचे फावले, आणि पुढे तेथील न्यायालयांनी ती बंदी घटनाबाह्य ठरवली.

विद्यार्थिनी म्हणून आपण एका फरकाकडे लक्ष द्यावे. न्यूझीलंडने २०२२ च्या अखेरीस केलेल्या कायद्यात १ जानेवारी २००९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना विक्री करण्यास मनाई होती, दुकानांची संख्या घटवण्याची तरतूद होती आणि सिगारेटमधील निकोटिन अत्यल्प करण्याची अट होती. त्या पिढीतल्या कोणी सिगारेट ओढली, तर ओढणाऱ्याला शिक्षा नव्हती. त्या तरतुदी अमलात येण्याआधीच नव्या सरकारने २०२४ साली रद्द केल्या, हा राजकारणाचा भाग झाला. मालदीवच्या कायद्यात मात्र वापरण्यालाही मनाई आहे. एक कायदा दुकानदाराच्या हाताला धरतो, दुसरा ओढणाऱ्याच्याही. पहिला आम्हाला समर्थनीय वाटतो, कारण माल विकून नफा कमावणे हा व्यवसाय आहे आणि व्यवसायाला अटी घालण्याची परंपरा जुनी आहे. दुसरा वाटत नाही. ज्याला व्यसन लागले आहे त्यालाच गुन्हेगार ठरवले, तर उपचार मागायला तो पुढे येणार नाही, आणि शिक्षेचा बडगा प्रथम कोणावर पडतो हे भूतानच्या भिक्षूने दाखवून दिले आहे.

प्रश्न : कर वाढवला की श्रीमंत ओढत राहतो आणि गरीब भरडला जातो. हा न्याय आहे का?

उत्तर : साठी ओलांडलेल्या वाचकांची कराविषयीची तक्रार अर्धी मान्य आहे असे म्हटले, ती याच कारणाने. वस्तू मुद्दाम महाग करणे ही आंशिक बंदीच असते, हे मिल यांनीही सांगितले होते. मात्र कर कोठेतरी लावायचाच असेल, तर ज्या वस्तूंवाचून लोकांचे अडत नाही त्यांवर तो आधी लावावा, असेही त्यांचे म्हणणे होते. किमतीत १० टक्के वाढ झाली की कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत तंबाखूची मागणी साधारण ५ टक्क्यांनी घटते. किंमत वाढल्यावर सोडणाऱ्यांत गरीब अधिक असतात आणि त्यांचा पैसा वाचतो. न सोडणारा गरीब मात्र खरोखरच भरडला जातो. त्यामुळे वाढीव कराचा काही भाग व्यसनमुक्तीची औषधे आणि समुपदेशन मोफत देण्यासाठी राखून ठेवलेला नसेल, तर त्या करवाढीला आरोग्याचे नाव देऊ नये.

प्रश्न : मुलाखतीत मला ‘धूम्रपान करता का’ असे विचारले आणि ‘हो’ म्हटल्यावर नोकरी नाकारली. हे योग्य आहे का?

उत्तर : कामाच्या वेळेत आणि कामाच्या जागी ओढू नये, अशी अट घालण्याचा मालकाला अधिकार आहे. घरी गेल्यावर आपण काय करता, याच्याशी त्याचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेने स्वतः २००५ पासून धूम्रपान करणाऱ्यांना नोकरीवर न घेण्याचे धोरण स्वीकारले. तंबाखूविरोधात काम करणाऱ्या संस्थेची अडचण समजू शकते, तरी इतरांनी तो कित्ता गिरवावा असे आम्हाला वाटत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांनी तर केवळ कामाबाहेरच्या धूम्रपानावरून नोकरी नाकारण्यास कायद्यानेच मनाई केली आहे. आपल्या बाबतीत तसा कायदा लागू आहे की नाही, हे एखाद्या कामगार वकिलाला विचारून घ्यावे, आणि नकाराचे कारण लेखी मागून ठेवावे.