दीड हजार वस्तीच्या गावाला सांडपाणी प्रकल्पासाठी तांत्रिक मदत कोण देतं?

आधी पंचायत समितीतल्या गट संसाधन केंद्रात जा. तिथून प्रस्ताव जिल्हा परिषदेच्या पाणी व स्वच्छता विभागाकडे जातो, आणि जागेची पाहणी, आराखडा, अंदाजपत्रक त्यांच्या अभियंत्यांकडून मिळतं. खासगी सल्लागाराला आधीच पैसे मोजू नका. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्याच्या निकषांत पाच हजारांपर्यंतच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत तरतूद आहे, म्हणजे तुमच्या गावाला साधारण ४ लाख २० हजार. यातले ७० टक्के मिशनचे, ३० टक्के वित्त आयोगाच्या निधीतून. घरोघरचे शोषखड्डे रोजगार हमीतूनही होतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने शोषखड्ड्यांच्या बळावर गटारं हद्दपार केली, ते काम जाऊन बघण्यासारखं आहे. ग्रामसभेच्या ठरावासोबत एवढं न्या:

- घरांची संख्या आणि गटारांचा हातनकाशा
- पाणी शेवटी जिथे साचतं त्या जागेचा सातबारा

मात्र काळी चिकण माती असेल किंवा पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरत असतील, तर शोषखड्ड्याचा आग्रह धरू नका. तिथे पाणी जिरत नाही, शिवाय विहिरी दूषित होण्याचा धोका असतो. अशा ठिकाणी गावाबाहेर स्थिरीकरण तळ्याचा, म्हणजे सांडपाणी साठवून ते नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणाऱ्या तळ्याचा आराखडा मागा.