सातव्या महिन्यात अंगदुखीची गोळी घेताय? आधी स्ट्रिप उलटी करून नाव वाचा

ताई, तुम्ही लिहिलंय सातवा महिना आहे, कंबर आणि डोकं दुखतंय, तुमच्या डॉक्टर मॅडम सोमवारी भेटणार, तोपर्यंत मेडिकलमधून काय आणू. वाचून राहवलंच नाही, कारण ह्याच सोलापुरात, मे महिन्याच्या उन्हात मी हेच केलेलं. मी डॉक्टर नाही, माझ्यावर बेतलं तेवढंच सांगते.

साधी पॅरासिटामॉल चालते हे तुम्हाला माहिती असणारच, त्यावर जास्त लिहीत नाही. माझी चूक पुढची आहे. मिस्टरांना मेडिकलला पाठवलं, त्यांनी नुसतं "डोकेदुखीची गोळी द्या" म्हटलं, मी गरोदर आहे हे सांगितलंच नाही. कापलेल्या पट्टीतल्या चार गोळ्या मिळाल्या, नावाचा भाग दुकानातच राहिलेला. विचारलं तर म्हणे "पॅरासिटामॉलच आहे की त्यात". होतीच, पण सोबत डायक्लोफिनॅकपण होतं. बरं वाटलं म्हणून त्याच परत आणल्या आणि दहा दिवस घेतल्या, दिवसातून दोनदा. त्याआधी दवाखान्यात फोन केला होता, काउंटरवरच्या बाई "फोनवर औषध सांगत नाही, मेडिकलवाल्याला विचारा" म्हणाल्या आणि ठेवून दिला. किती महिने झाले एवढं तरी विचारायचं! अजून आठवलं की जीव जळतो.

तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाभोवतीचं पाणी कमी निघालं. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या आणायला सांगितल्या तेव्हा उलगडा झाला. गोळी बंद केली, दर तीन-चार दिवसांनी तपासणी, दोनेक आठवड्यांत पाणी वाढलं. गोळीमुळेच झालं असं त्यांनी खात्रीने सांगितलं नाही, म्हणून मीपण छातीठोक सांगत नाही. पण कारण समजावलं ते असं, की ते पाणी मुख्यतः बाळाच्या लघवीचं असतं आणि आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक ह्या जातीच्या गोळ्यांनी बाळाच्या किडनीचं काम मंदावू शकतं. अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी तिथली सरकारी संस्था) २०२० मध्ये २० आठवड्यांनंतर ह्या टाळा म्हणून इशारा दिलाय. ३० आठवड्यांनंतर तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायची भीती असते. दुखण्यावर लावायच्या जेलमध्येपण बरेचदा डायक्लोफिनॅक असतं, ते चोळायच्या आधीही विचारा. मात्र बीपीसाठी डॉक्टरांनी कमी डोसची ॲस्पिरिन दिली असेल तर हे वाचून ती स्वतःच्या मनाने बंद करू नका, तो प्रकार वेगळा.

म्हणून माझं ठाम मत, गरोदरपणात कापलेली पट्टी घ्यायचीच नाही. नाव आणि आतले घटक दिसतील अशी अख्खी स्ट्रिप घ्या, "कितवा महिना" हे आधी सांगा आणि पॅरासिटामॉलच्या पुढे अधिकचं चिन्ह किंवा दुसरं नाव दिसलं की परत द्या. सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच, एकीत तीन-चार औषधं असतात, त्यापेक्षा नाकात सलाईनचे थेंब बरे.

ॲसिडिटीला पाण्यात फसफसणारी पुडी घेऊ नका, त्यात सोडियम भरपूर असतं. शेंगा चटणी आणि कडक भाकरी थोडे दिवस रात्रीची बंद करून बघा, मला त्यानेच फरक पडला (सासूबाईंना पटलं नाही, पण असो). लोहाच्या गोळीने पोट साफ होत नसेल तर इसबगोल, वर भरपूर पाणी. लोह आणि कॅल्शियम एकदम घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा.

आणि ताई, तुमच्या डोकेदुखीचीच मला जास्त काळजी वाटतेय. ती गोळीने थांबत नसेल, डोळ्यांपुढे चमकत असेल, चेहरा-हात सुजले असतील किंवा बरगडीखाली दुखत असेल तर सोमवारची वाट बघू नका. आजच कुठल्याही दवाखान्यात बीपी मोजून घ्या, लघवीतलं प्रोटीनपण तपासायला सांगा. गाडीची सोय नसेल तर १०२ किंवा १०८ ला फोन लावा. जाताना घरात आहेत त्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.