वॉर्ड समितीचे निर्णय व्हॉट्सॲपवर होत असतील तर

आपल्या प्रश्नात दोन तक्रारी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. बैठक न बोलावता वॉर्ड समितीचे सदस्य व्हॉट्सॲप गटावर गटारकाम मंजूर करतात ही एक, आणि त्या कामाचा ठेकेदार एका सदस्याचा मेहुणा आहे ही दुसरी. माझा सल्ला असा, की आधी फक्त पहिली हाती घ्यावी, कारण ती कागदावर सिद्ध करणे सोपे आहे.

बेळगाव महापालिकेतील वॉर्ड समितीला कर्नाटक महानगरपालिका अधिनियम, १९७६ चा आधार आहे. नगरसेवक तिचा अध्यक्ष असतो आणि नियुक्त सदस्यांत महिला, अनुसूचित जाती-जमाती व रहिवासी संघटना यांना स्थान द्यावे लागते. अशा समितीच्या बैठका जनतेला खुल्या आहेत का आणि त्यांचे इतिवृत्त पाहायला मिळते का, हे कोणी न मागताही जाहीर करण्याचे बंधन माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ब) ने घातले आहे. म्हणून संबंधित महिन्यांच्या बैठकींच्या नोटिसा, विषयपत्रिका, हजेरी आणि इतिवृत्त यांच्या प्रती मागाव्यात. बैठकच झाली नसेल, तर तसे लेखी उत्तर मिळेल आणि पुढच्या तक्रारीला तेच पुरेसे ठरेल. शिवाय कलम २(ञ) नुसार कामाची पाहणी करता येते व साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. गटाराच्या काँक्रीटबाबत हा हक्क फार कमी लोक वापरतात.

भाषेचा मुद्दा आपल्या भागात नाजूक आहे, तरीही स्पष्ट सांगतो. माहितीचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करावा, असे कलम ६ म्हणते. त्यामुळे तो कन्नडमध्ये लिहून घ्यावा. कर्नाटकच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द चालतात, शुल्क १० रुपये. आयुक्तांकडे द्यायचे गाऱ्हाणे मात्र मराठीतच द्यावे, कारण राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद ३५० ने दिला आहे.

आता मेहुण्याविषयी. महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा स्वतःचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल, तर त्याचे पद जाऊ शकते. पण नुसत्या नात्यावरून हिस्सा सिद्ध होत नाही, आणि येथे तर प्रश्न नियुक्त सदस्याचा आहे. म्हणून आरोप करण्याऐवजी पुढील बैठकीत ठराव मांडावा, की ज्याचे नाते वा व्यवहार विषयाशी जोडलेला आहे त्याने चर्चेपूर्वी तसे सांगून बाहेर थांबावे आणि त्याची नोंद इतिवृत्तात व्हावी. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसर परिषदांना, म्हणजे तेथील वस्तीपातळीच्या समित्यांना, लागू असलेल्या ब्राउन कायद्यात (खुल्या बैठकींविषयीचा कॅलिफोर्निया राज्याचा कायदा) नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि बहुसंख्य सदस्यांनी संदेशांतून परस्पर निर्णय ठरवणे निषिद्ध आहे. त्याच धर्तीची दोन वाक्ये आपल्या ठरावात घालून घ्यावीत.

माहितीच्या अर्जाला ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर त्यापुढील ३० दिवसांत पहिले अपील करावे. तोवर गटावरील संदेश तारखेसह जपून ठेवावेत.