आठ दिवसांच्या वासराला हगवण

प्रश्न : आठ दिवसांचं वासरू पिवळं, पाण्यासारखं हगतंय. दूध बंद करून प्रतिजैविक द्यावं का?

उत्तर : दूध मुळीच तोडू नका, उपाशी वासरू आणखी खचतं. पहिल्या चार दिवसांतली हगवण बहुधा ई. कोलाय जिवाणूची, आठव्या दिवशी रोटाव्हायरसचा संशय जास्त, आणि विषाणूवर प्रतिजैविक चालत नाही. वासरू दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही, तर पाणी कमी पडलंय. वासरांचं क्षारद्रावण कोमट करून दिवसातून दोनदा, दोन-दोन लिटर, दुधानंतर दोन तासांनी पाजा. दुधात मिसळू नका. त्यातल्या सोड्यामुळे दूध पोटात नीट साकळत नाही. तोंड गार पडलं, चोखणं थांबलं, तर शिरेतूनच सलाईन हवं. पशुवैद्यकांना तत्काळ बोलवा.