लिंबू घरी ठेवा आणि जांभळी नाक्यावर जा

"मॅडम, गर्दीत चक्कर येऊन पडले तर?"

ठाण्यात समुपदेशनाला बसते तेव्हापासून हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी समोर येतोच. त्यातल्या एका ताईंची ही हकीकत, त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून.

राहायला नौपाड्यात, नोकरी मुलुंडला. एका संध्याकाळी ठाणे स्टेशनच्या पुलावर दोन गाड्यांची माणसं एकदम चढली, पुढचे थांबले, मागचे रेटू लागले. ताईंच्या छातीत धडधड, बोटांना मुंग्या, डोळ्यांपुढे अंधारी. पडल्या मात्र नाहीत. तरी त्या दिवसापासून पूल सुटला, पाठोपाठ जांभळी नाक्याचा बाजार, मग गोखले रोडही. ऑफिसला रिक्षा, भाजी ॲपवरून. "बरं झालं, दगदग वाचली," असं घरचे म्हणायचे. प्रेमाने म्हणायचे, पण भीती पोसली जाते ती अशाच सोयींनी.

डॉक्टरांकडे ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं झालं होतं. ते आधी व्हायलाच हवं. प्रत्येक धडधड मनाचीच असते असं नाही.

पहिल्याच भेटीत मी त्यांना पर्स उघडायला सांगितलं. लिंबू, ग्लुकोजची पुडी, पाण्याची बाटली, पिशवीत गुंडाळलेला ओला रुमाल. बाहेर पडल्या की नवरा सतत फोनवर. "यातलं लिंबू कधी लागलं?" विचारलं. कधीच नाही. पण आपण पडलो नाही ते लिंबामुळेच, असं मनाने धरून ठेवलेलं.

मग शरीराचा हिशेब मांडला. घबराट झाली की अॅड्रेनालिन उसळतं, श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच मुंग्या येतात, गरगरतं. शुद्ध हरपते ती बहुतेक वेळा रक्तदाब एकदम उतरल्यावर. घबराटीत तो उलट चढतो. (रक्त किंवा सुई बघून भोवळ येणाऱ्यांची गोष्ट निराळी.) आणि ही लाट साधारण १० मिनिटांत शिखर गाठून ओसरू लागते. ताई मात्र दर वेळी दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटाला पळ काढत होत्या. ओसरताना तिला त्यांनी पाहिलंच नव्हतं.

इथे माझी एक चूक कबूल करते. मी त्यांना मोजून श्वास घ्यायला शिकवलं. पुढच्या आठवड्यात कळलं, बाजारात एका बंद शटरला टेकून त्या वीस मिनिटं श्वासच मोजत उभ्या होत्या. म्हणजे लिंबाच्या जोडीला मी अजून एक लिंबू दिलं होतं! ते परत घेतलं.

मग पायऱ्या ठरवल्या. आधी सकाळी मासुंदा तलावाची फेरी, एकटीने. नंतर दुपारचा गोखले रोड. मग सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच बस-डेकवर, टीएमटीच्या बसमधून माणसं उतरत असताना. शेवटी जांभळी नाका, संध्याकाळी सात वाजता. घबराट १० पैकी किती ते मनात म्हणायचं, आणि आकडा निम्म्यावर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही. गोखले रोडवर आकडा आठवर गेला, तो चारवर यायला पंचवीस मिनिटं लागली. दुसऱ्या खेपेला बारा.

चालणंही बघितलं मी, एकदा सोबत जाऊन. खांदे आवळलेले, पर्स छातीशी, नजर जमिनीवर. अशा माणसाला धक्के लागणारच, कारण हा कुठे वळणार ते समोरच्याला कळत नाही. म्हटलं, माणसांकडे नका बघू, माणसांमधल्या फटीकडे बघा. पाय आपोआप तिकडेच वळतात. लोक बघतील ही धास्ती होती, त्यावर मी हसलेच. ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला आली, तेव्हा लोक नक्की थांबून बघत असतील. आता त्याच स्टेशनात गाडी पकडायला निघालेल्याला स्वतःची चप्पल तुटलेली कळत नाही, तुमच्याकडे कोण बघतंय?

चौथ्या महिन्यात त्या पुलावरून लोकल पकडून ऑफिसला गेल्या. घबराट झाली का? झाली. मधल्या जिन्यावर सहा. चढत राहिल्या.

लिंबू आता घरीच असतं. बाटली अजून पर्समध्ये आहे. ठाण्याच्या उकाड्यात तिला मी काही बोलत नाही.

राहिलं दादरचं फूल मार्केट. "ते दिवाळीनंतर बघू या का?" असं परवा विचारत होत्या. मी डायरीत दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली तारीख लिहून घेतली.