तिच्या हातात काय पडलं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. इतके कायदे झाले तरी बाया भरडल्याच जातात, मग मी वकिली शिकून करू काय, असं विचारलंयस. पहिल्या वाचनात राग दिसला. दुसऱ्यांदा कळलं, तू दमली आहेस.

कायद्याने रूढी बदलते का, हा प्रश्न मीही बरीच वर्षं घोळवला. आता तो सोडून दिलाय. कुठलाही कायदा समोर आला की मी एवढंच बघते: ज्या बाईला आज ‘नाही’ म्हणायचंय, तिच्या हातात याने काय पडलं?

१८५६चा विधवाविवाहाचा कायदा घे, १९८३ साली रद्द झालेला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्यासाठी केवढी निंदा सोसली, ते तुला माहीत आहे. पण मूळ कायदा काढून त्याचं दुसरं कलम वाच. विधवेने पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपायचा, जणू ती त्याच क्षणी मेली. ‘मेली’ हा शब्द माझा नाही, कलमातच आहे. लग्नाची मोकळीक दिली आणि पायाखालची जमीन काढून घेतली. त्यातही आपल्याकडे कितीतरी जातींत पाट लावायची चाल आधीपासून होती. त्या बायांना पुन्हा संसार मांडायला कायद्याची परवानगी नकोच होती. तरीही मुंबईच्या उच्च न्यायालयाने मिळकत जाण्याचं हे कलम त्यांनाही लागू धरलं. अलाहाबादच्या न्यायालयाने धरलं नाही. एकच कायदा, पण बाई कुठल्या प्रांतातली यावर तिचं शेत ठरणार! हे प्रथम वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नव्हती.

हुंड्याचंही तसंच. १९६१च्या कायद्याने घेणारा गुन्हेगार आणि देणाराही. उमेदवारीच्या काळात एक वडील माझ्यासमोर बसून विचारत होते, “मी दिले असं सांगितलं तर मलाच धरतील ना?” मुलीला मारहाण होत होती आणि बाप स्वतःच्या कबुलीला घाबरत होता. पीडित माणसाच्या स्वतःच्या जबाबावरून त्याच्यावर खटला भरता येणार नाही, ही तरतूद आली १९८६ साली. म्हणजे पंचवीस वर्षं आपण लोकांना तक्रार करा म्हणत होतो आणि तोंड उघडण्याची सोयच नव्हती.

नुसत्या बंदीने काय होतं, ते केनियातल्या मेरू भागात दिसलं. १९५६ साली तिथल्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीने, इंग्रज अधिकाऱ्यांच्या पाठिंब्याने, मुलींच्या सुंतेवर, म्हणजे जननेंद्रियाचा भाग कापायच्या चालीवर, बंदी घातली. ठरवणारे सगळे पुरुष. तिथे सुंता झाल्याशिवाय मुलगी बाई समजली जात नसे, तिचं लग्न अडायचं. मग मुलींनी ब्लेड विकत आणून एकमेकींची सुंता केली. पुढच्या तीन वर्षांत दोन हजारांहून जास्त लोकांवर खटले झाले, त्यात या मुलीही होत्या. त्यांना मूर्ख म्हणू नकोस. बाई होण्याची दुसरी वाट त्यांना कुणी दाखवलीच नव्हती.

याच्या उलट सेनेगलमध्ये घडलं. १९९७ साली मालिकुंडा बांबारा गावच्या बायांनी सुंता सोडल्याचं जाहीर केलं. तेव्हा शेजारच्या गावातल्या एका इमामांनी साधी गोष्ट दाखवून दिली: आपल्या सोयरिकी दुसऱ्या गावांत होतात, तेव्हा एकट्या गावाने सोडून भागणार नाही. ते पायी नात्यागोत्याच्या गावांत फिरले, आणि १९९८च्या फेब्रुवारीत तेरा गावांनी मिळून जाहीर केलं. देशाचा कायदा आला १९९९ साली. तो आधी आला असता तर? मला वाटतं, मेरूसारखंच काहीसं झालं असतं. पण तो आलाच नसता तरी चालत नव्हतं. व्याह्यांसमोर ‘माझी इच्छा नाही’ म्हणणं आईला जड जातं. ‘सरकार धरतं हो’ म्हणणं सोपं. ही पळवाट फार मोलाची असते, तिला कमी लेखू नकोस.

म्हणून वकिली सोडू नकोस. २००६चा बालविवाह प्रतिबंधक कायदा उघड. त्यात काही अपवाद सोडले तर असं लग्न आपोआप रद्द होत नाही. मुलीने अर्ज करावा लागतो, तोही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. अठरा ते वीस ही वर्षं ती कुठे असते? सासरी, बहुधा कडेवर मूल घेऊन. तिला ही मुदत कोण सांगणार? अर्ज केल्यावर ती रात्री झोपणार कुठे? पोटगीची मागणी त्याच अर्जासोबत करता येते, हे तिच्याकडे आलेल्या वकिलाला ठाऊक असेल का? माझा सगळा संताप अशा कोरड्या तपशिलांवर खर्च व्हायला लागला, तेव्हा कुठे चार मुली सुटल्या.

परीक्षा झाली की ये. माझ्याकडे असे तीन अर्ज पडून आहेत, एकीची मुदत आठ महिन्यांत संपतेय. तिचा मसुदा तू कर, मी तपासून देईन. येण्याआधी तिच्या आईला एकदा भेटून ये. मुलीला माहेरी परत घ्यायला ती तयार आहे, फक्त भावकीला काय सांगायचं ते तिला सुचत नाहीये.

तुझी,
मावशी